गाडीला होडीचा रंग

आमची गाडी का बिघडली याचं उत्तर गोराईत प्रत्येकाकडे होतं. पाववाल्याच्या मते पेट्रोलमध्ये पाणी गेलं होतं. शेजारच्या मालनच्या मते दृष्ट लागली होती आणि मिरच्या ओवाळून टाकायला हव्या होत्या. भाईंदरच्या एका मेकॅनिकने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल, तिसऱ्याने पेट्रोलचा पंप. चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची आणि मग पहिले पाढे पंचावन्न. मी मुळातच तापट, त्यात फुकटचे सल्ले ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शेवटी कुणी गाडीचा विषय काढला की मी सरळ म्हणायचे, "तुझी आहे का गाडी? नाही ना? मग गप बस."

पण त्या गाडीशिवाय आमचं चालत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. माझी आई ॲग्नेस, तिच्या दोन्ही किडन्या दमल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. भाईंदरला नंबर लागला नाही, बोरिवलीला लागला. बोरिवली तशी खाडीच्या पलीकडे समोर दिसते, बोटीने गेलं तर लगेच पोचतो. पण जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ, ओहोटी असली की बोटीत उतरताना दोघांनी धरावं लागतं, आणि येताना तर मशीनवरून उठलेल्या बाईच्या पायांत जीव नसतो. एकदा ती त्या पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, "व्हॅल, मला इथेच राहू दे. मी नाही येत." त्या दिवसापासून बोट बंद. उत्तन, भाईंदर, दहिसर असा लांबचा वळसा घालून तिला गाडीने न्यायचं ठरलं. ॲपवरचे टॅक्सीवाले गोराईचं नाव वाचूनच फेरी रद्द करतात. मी अंधेरीला नोकरी करते आणि मला गाडी येत नाही. म्हणजे राहिला पप्पा.

पप्पा म्हणजे अल्फान्सो. आमच्यात बापाला अहोजाहो करत नाहीत, तेव्हा कुणी नाक मुरडू नये. जन्मभर त्याने होडी चालवली. आईचं डायलिसिस सुरू झालं तसं त्याने होडी विकून टाकली. "दर्यावर गेलेला माणूस मंगळवारी सकाळी दारात उभा असेल असं कोण सांगेल?" एवढंच म्हणाला, आणि एक जुनी पांढरी गाडी घेऊन आला. होडीचं दुःख त्याने कुणाला दाखवलं नाही. फक्त होडीवर जेवढा जीव होता तेवढा त्या गाडीवर लावला. रोज सकाळी गोड्या पाण्याने धुणार, बिजागऱ्यांना ग्रीस लावणार, खाली वाकून पत्रा ठोकून बघणार. खारी हवा लोखंड खाते, हे आमच्या गावात पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं.

गणपतीच्या सुमारास गाडी कुरकुरायला लागली. सिग्नलला उभी राहिली की धापा टाकल्यासारखी हलायची. कधी स्टार्टर नुसता कण्हायचा. कधी चालता चालता एकदम दम सोडायची. गॅरेजवाले संगणक लावायचे, तर दर वेळी वेगळा आजार निघायचा, आज हा सेन्सर, उद्या तो. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा, मशीन जे दाखवेल ते ते बदलत होते.

नोव्हेंबरात ती उत्तनच्या चढावर बंद पडली ती पडलीच. आई नुकती मशीनवरून उठलेली. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. पप्पाने बॉनेट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. तेवढ्यात आईला घेरी आली. शेवटी बर्फाचा एक टेम्पो थांबला, त्यातून तिला घरी आणलं, गाडी मागाहून ओढत आणली. संध्याकाळी पप्पाने किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी हिला या गाडीतून परत नेणार नाही. रस्त्यात हिला काही झालं तर मी काय करू, सांग." तो चिडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि माझ्या बापाला घाबरलेला मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

मग चेंबूरच्या फिलोमिना मावशीचा फोन आला. मावशी मनाने राजा आहे. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे आणि डायलिसिसचं केंद्र दोन गल्ल्या सोडून. "ॲग्नेसला माझ्याकडे पाठवा, काही दिवस," ती म्हणाली. नाताळ घरी करून जानेवारीत आईने जायचं असं ठरलं. सगळे 'काही दिवस' म्हणत होते, पण डायलिसिस काही दिवसांचं नसतं, ते जन्माला पुरतं. मावशीच्या घरात मुलगा, सून, नातवंडं, एक कॉट कशीबशी मावणार. म्हणजे आई चेंबूरला आणि पप्पा गोराईला, ते कायमचं. होडीवरच्या रात्री सोडल्या तर लग्न झाल्यापासून ही दोघं एकमेकांशिवाय झोपलेली नाहीत. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पप्पा नुसता गाडी धुवायचा, जी आता कुठे जात नव्हती. आई दोन रिक्षा बदलत बोरिवलीला जायची आणि परत आली की भिंतीकडे तोंड करून पडायची.

आमची सुटका केली ती द्रौपदीबाईंनी. बोरिवलीच्या केंद्रात आईच्या शेजारच्या खुर्चीवर त्या असतात. दोघींना एकाच वेळी मशीनला जोडतात, आणि मग चार तास बोलण्याशिवाय करणार काय? द्रौपदीबाई मूळच्या हिंगोलीकडच्या, आता दहिसरला. त्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं, माझं लग्न का मोडलं ते सुद्धा. आई चेंबूरला जाणार हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बाजूला आता कोण बसणार? थांबा, माझी पोरगी गाड्यांचं वायरिंग करते. रविवारी पाठवते."

पोरगी म्हणजे दीप्ती खिल्लारे, माझ्याच वयाची. वडिलांच्या मागे वायरिंगचं दुकान तिने चालवलं आणि चांगलं चालवलं. रविवारी चर्चमधली मिसा आटपून आम्ही घरी येतोय तर ही दारात उभी, खांद्यावर अवजारांची पिशवी, हातात चपला. जेट्टीवर चिखलात पाय गेला होता. "पाणी द्या आधी पाय धुवायला," ती म्हणाली, "आणि गाडी कुठाय? माझ्या हातून सुटलेली गाडी अजून जन्माला यायचीय." मला ती लगेच आवडली. पप्पाला नाही.

अंगणातल्या आंब्याखाली गाडी उभी होती. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली. दीप्तीने इंजिन सुरू करायला सांगितलं, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला. "कॉइल. नवी टाकली म्हणता ना? डुप्लिकेट असेल." मग तिने कॉइल उतरवली, तपासली, वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. पिशवीतून दुसरी कॉइल काढून ती लावून बघितली. इंजिन आधी जसं उड्या मारत होतं तसंच मारत राहिलं. मग सेन्सरच्या पिना साफ झाल्या. त्यानेही काही फरक पडला नाही. पप्पा हाताची घडी घालून बाजूला उभा होता. त्याच्या तोंडावर 'ही चौथी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कॉइल नाही," शेवटी दीप्ती म्हणाली. "चुकलं माझं. चहा मिळेल काय?"

चहा पिताना ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिने एक गोष्ट केली जी आजवर कुठल्याही मेकॅनिकने केली नव्हती. तिने आईला विचारलं. "आंटी, तुम्ही रोज पुढे बसता ना? तुम्हाला काय दिसतं?"

आईने बशी खाली ठेवली. "मला काय कळतं गं त्यातलं? पण कधी नंबर उशिरा लागला की येताना अंधार पडतो, तेव्हा अल्फान्सो दिवे लावतो ना, तो गरम-थंडचा काटा एकदम वर चढतो. दिवे बंद केले की खाली येतो. पंखा लावला की परत वर. आणि साईड द्यायची ती बत्ती असते ना, टिकटिक करते ती? तिच्या तालावर काटा नाचतो. आणि काटा नाचायला लागला की थोड्या वेळाने गाडी रडते."

दीप्तीचा चहाचा कप हातातच राहिला. "आंटी, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?"

पप्पा म्हणाला, "अगं, तू तर रोझरी म्हणत असायचीस ना. मी बघायचो, ओठ हलायचे."

"रोझरीच म्हणायचे. पण डोळे त्या काट्यावर असायचे. दर मण्याला वाटायचं, आता बंद पडते."

हे ऐकून मला भडभडून आलं. तीन महिने आई त्या सीटवर बसून एका काट्याकडे बघत प्रार्थना करत होती आणि आम्हाला वाटत होतं ती शांत आहे. पण दीप्तीला रडायला वेळ नव्हता. ती केव्हाच बॉनेटमध्ये वाकली होती.

"अंकल, दिवे लावा, पंखा लावा, सगळं लावा. आणि स्टार्टर मारत राहा. व्हॅलेन्सिया, इकडे ये. ही केबल दिसते का, ॲक्सिलरेटरची? पप्पा स्टार्टर मारतील तेव्हा हिला बोट लाव."

मी बोट लावलं. स्टार्टर दोन-तीनदा कण्हला आणि मी हात झटकून मागे झाले. केबल चांगलीच तापली होती. "ही कशी काय तापते?" मी विचारलं. "हिच्यात तर करंट नसतो ना?"

"नसायला पाहिजे," दीप्ती म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "तू रोज बोटीने जातेस ना बोरिवलीला? समज, संध्याकाळची परतीची बोटच बंद केली. तू काय करशील?"

"वळसा घालून येईन. भाईंदर, उत्तन. जसं मिळेल तसं."

"करंटचंही तेच. बॅटरीतून तो इंजिनला जातो, दिव्याला जातो, पंख्याला जातो. जायला वायर आहे. पण त्याला परत बॅटरीत यावंच लागतं, नाहीतर काम होत नाही. परत यायची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. तुमच्या गाडीत ती वाट कुठेतरी बंद आहे. म्हणून बिचारा मिळेल तिथून येतोय, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, काट्याच्या वायरीतून. दिवे लावले की गर्दी वाढते, मग इंजिनच्या वाट्याला काही उरत नाही. आणि संगणकाला वाटतं सेन्सर खराब."

मग तिने मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि पप्पाला पुन्हा स्टार्टर मारायला सांगितलं. "इथे आकडा शून्याच्या आसपास राहायला पाहिजे," ती म्हणाली. आकडा दोनच्या पुढे गेला आणि इंजिन कसंबसं सुरू होऊन उड्या मारायला लागलं. तिने पिशवीतून बोटाएवढी जाड एक तांब्याची वायर काढली, तिचं एक टोक चिमट्याने बॅटरीला धरलं आणि दुसरं इंजिनला.

इंजिन एकदम शांत, एकसारखं चालायला लागलं, किरकिरं पोर पदराखाली घेतल्यावर होतं तसं. आई खुर्चीवरून अर्धी उठली. दीप्तीने चिमटा काढला, गाडी धापा टाकायला लागली. लावला, शांत. आईने माझा हात धरून खिडकीतून काटा बघितला, "खाली आला," म्हणाली आणि परत जाऊन बसली. मालन कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तिनेही मिरच्यांचं नाव काढलं नाही.

आता फक्त वाट कुठे बंद आहे ते शोधायचं होतं. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे दीप्तीने पाना लावला. बोल्ट सहज फिरला. तिने वायरीचं टोक उचललं, टॉर्च मारला आणि खो खो हसायला लागली.

"अरे, हे कुणी केलंय? बघ तरी. वायरीच्या खाली रंग. प्रायमर, त्यावर दोन हात ऑइल पेंट, त्यावर ग्रीस. काय मन लावून केलंय. करंटला दारच बंद केलं की."

रंग निळा होता, आमच्या होडीचा निळा. मी पप्पाकडे बघितलं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि गावातला प्रत्येक माणूस आपली होडी रंगवत बसतो. नुसती वरून नाही. एकेक खिळा, एकेक बोल्ट काढायचा, खालचं लोखंड घासायचं, रंग द्यायचा, वाळू द्यायचा, मग बोल्ट परत बसवायचा. लोखंड कुठे उघडं दिसता कामा नये, पाण्याला फट दिसली की ते घर करतं. यंदा पप्पाला होडी नव्हती. तेव्हा हा माणूस पावसाळाभर या गाडीखाली पाठ टेकून पडलेला असायचा. उरलेला रंग होता, तो त्याने बॉनेटच्या आत, बोल्टांच्या खाली, हात पोचेल तिथे दिला. आम्ही हसायचो. आई म्हणायची, रंगवू दे, त्याचं मन रमतं. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून करंट थोडाफार येत राहिला असणार, मग खाऱ्या हवेने तेही बंद केलं, असं दीप्तीने नंतर सांगितलं. म्हणून कुणाला संबंध लागला नाही.

"कुणी केलं?" दीप्तीने पुन्हा विचारलं.

"मी," पप्पा म्हणाला.

दीप्तीचं हसू गेलं. पप्पा त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिला. "म्हणजे उत्तनला हिला घेरी आली, ती माझ्यामुळे," तो म्हणाला, आणि मान खाली घालून घरामागे निघून गेला. मी तोंडाळ बाई. कुणाला काय सुनवायचं हे मला कधी शोधावं लागत नाही. पण धीर द्यायची मला सवय नाही, मी चहाचे कप उचलायला लागले. दीप्ती पाना हातात धरून म्हणाली, "माझ्या जिभेला काही हाड नाही यार. मला काय माहीत?"

आई उठली. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ती कुणाचा हात धरल्याशिवाय उठत नाही, पण ती उठली आणि भिंतीला धरून मागे गेली. मी पण मागोमाग गेले, पण स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. पप्पा विहिरीच्या कठड्यावर बसला होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली.

"अल्फान्सो," ती म्हणाली, "कसला विचार करतोस? जन्मभर तू आम्हाला पाण्यापासून कोरडं ठेवलंस. दर पावसाळ्यात एकेक बोल्ट उघडून. त्यानेच तर घर चाललं. या गाडीला आता एक-दोन जागी उघडं लोखंड लागतं, त्याला तू तरी काय करणार? चल, ती पोरगी खोळंबलीय. मला चेंबूरला जायचं नाही, कळलं? मला नाही जायचं. ऊठ आणि घास तो रंग."

चेंबूरला जायचं नाही, हे ती पहिल्यांदा बोलली होती. इतके दिवस 'जाते मी, काय त्यात' असंच म्हणत होती. पप्पाने मान वर केली. "तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू नेणार नाही म्हणालास. मग बोलून काय करू?"

तो उठला. आईचा हात धरून तिला परत ओट्यावर आणून बसवलं आणि आतून सँडपेपर घेऊन आला. दीप्तीने जागा करून दिली. आणि तेव्हा ती जे बोलली त्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी राहीन, कारण ते समजूत काढण्यासाठी नव्हतं, खरं होतं.

"अंकल, एक सांगू? या किनाऱ्यावरच्या गाड्या येतात माझ्याकडे. उत्तन, मनोरी, सगळीकडच्या. अर्थिंगचा बोल्ट फिरवला की त्याचं डोकं तुटून हातात येतं. पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो, वायर लावायची तरी कशाला? तुमचा एक बोल्ट अडला नाही. आतमध्ये गंजाचा ठिपका नाही. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी आज हात टेकून परत गेले असते. ही एका दुपारात होईल."

पप्पाने बाह्या वर सारल्या. तो घासायला लागला. निळा गेला, प्रायमर गेला, खाली पांढरं चकचकीत लोखंड दिसायला लागलं. बॅटरीच्या जागी, इंजिन आणि पत्र्याला जोडणाऱ्या विणलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना, आणि आत खोल एका जागी जिथे त्याचा हात कसा पोचला होता देव जाणे. दीप्तीने पट्टी नवीन घातली, बोल्ट आवळले. पप्पा त्या उघड्या लोखंडाकडे अस्वस्थ होऊन बघत होता.

"हे असंच ठेवायचं?" त्याने विचारलं. "गंजेल की."

"असंच कशाला? टोकाच्या खाली उघडं पाहिजे, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. आवळून झालं की वरून तुमचा रंग मारा. वरून जेवढा माराल तेवढा चांगला. आणा ब्रश."

माझा बाप ब्रश आणायला धावला. धावला म्हणजे खरंच धावला. मग त्याने एकेका बोल्टवर, कडेकडेने, असा रंग दिला की दीप्ती बघत राहिली. "अंकल, दुकानात येता का कामाला?" ती म्हणाली. आता तो तिला आवडायला लागला होता आणि त्यालाही ती.

संध्याकाळी दिवे, पंखा, हॉर्न, वायपर, होतं नव्हतं ते सगळं लावून गाडी अंगणात उभी केली. मीटरवरचा आकडा शून्यापाशी बसून राहिला. केबल गार. आईने खिडकीतून काटा बघितला आणि मान डोलावली. दीप्तीला आम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना आईने आमच्याकडच्या बाटली मसाल्याची, म्हणजे बाटलीत ठासून भरतात त्या लाल मसाल्याची, एक बाटली आणि सुक्या बोंबलांची जुडी तिच्या पिशवीत कोंबली. "माझ्या आईला मीठ चालत नाही हो," दीप्ती म्हणाली. आई म्हणाली, "मला माहीत नाही का? हे तुला. द्रौपदीच्या समोर खाऊ नकोस." जेट्टीवर सोडायला मी गेले. तिचा हात हातात घेऊन मी काहीतरी मोठं बोलणार होते, पण ती म्हणाली, "बस कर, बोट सुटेल. आंटी माझ्या आईच्या शेजारी बसायला पाहिजेत, एवढंच. ती दुसऱ्या कुणाशी बोलत नाही." अशा माणसांची ओळख मला एका आजारपणामुळे झाली याचं मला अजून नवल वाटतं. आजार वाईटच, पण त्याने आमच्या दारात ही माणसं आणून सोडली.

मंगळवारी पप्पाने आईला गाडीत बसवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी बोटीत बसले तेव्हा सुद्धा माझं लक्ष मोबाइलवरच होतं. ऑफिसात पोचले, बसले, काम पुढे ओढलं, एक अक्षर डोक्यात शिरेना. तेवढ्यात त्याचा फोन आला. मी उभी राहिले.

"पोचलात? काय झालं? का एवढं हळू बोलतोस?"

"पोचलो. केंद्राच्या बाहेर उभा आहे," तो कुजबुजत म्हणाला. "ॲग्नेस झोपलीय गं. उत्तन सोडलं आणि मान टाकली, ती अजून. तिचा नंबर यायला वेळ आहे. उठवू काय?"

 तीन महिने जी बाई डोळ्यांत तेल घालून काटा बघत होती, ती त्याच सीटवर झोपली होती.

"झोपू दे," मी म्हणाले. "मावशीला मी आजच कळवते, आई येत नाही म्हणून."

"कळव. इंजिन चालूच ठेवलंय मी. बंद केलं तर थंड हवा जाईल आणि ती जागी होईल. ऐकू येतंय का तुला?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला. रस्त्यावरचा एक हॉर्न आला, कुणीतरी कुणाला हाक मारली.

"इंजिन? नाही पप्पा, काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर," तो म्हणाला.